एक दिवस आधी

बाहेरगावच्या कामाचे अंदाजपत्रक पाठवताना मी पहिल्या ओळीत नेहमी एकच गोष्ट लिहिते : चित्रीकरणाच्या एक दिवस आधी पोहोचणे, त्या रात्रीची राहण्याची सोय आणि त्या दिवसाचे निम्मे मानधन. मंजूर होऊन परत येणाऱ्या अंदाजपत्रकात नेमकी हीच ओळ खोडलेली असते. कॅमेऱ्याचे भाडे कोणी खोडत नाही, दिव्यांचे खोडत नाही. पदार्थ सजवणाऱ्या बाईने मात्र आदल्या रात्रीच्या शेवटच्या विमानाने यावे आणि सकाळी सहाला ओट्यापाशी उभे राहावे, हे सर्वांनाच सहज जमण्यासारखे वाटते. “तिथे जाऊन मांडायचंच तर आहे ना?” हा प्रश्न मला फोनवर इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

मी फूड स्टायलिस्ट आहे. जाहिराती, पाककृतींची पुस्तके आणि वेष्टनांवरची छायाचित्रे यांसाठी पदार्थ शिजवणे, निवडणे आणि भिंगासमोर उभे करणे हे माझे काम. लोकांना वाटते की या कामात हात आणि डोळा हवा. तो हवाच, पण रोजच्या कामात मी सर्वांत जास्त पाहते ते घड्याळ. तेल-लिंबू लावलेली कोवळी पाने चार-पाच मिनिटांत मान टाकतात. कॉफीवरचा फेस मिनिटाभरात विरळ होतो आणि कडेचे बुडबुडे मोठे होऊ लागतात. वितळलेल्या चीजची तार ओढायची असेल, तर ते वितळल्यापासून ताठर होईपर्यंतच्या काही सेकंदांतच ती ओढावी लागते. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात हे सारे हिशेब मला पाठ आहेत. तिथला गॅस, तिथले पाणी, तिथली हवा आणि माझे हात यांची इतक्या वर्षांत एकमेकांशी तडजोड झालेली आहे. प्रवासाला निघाले की यांपैकी फक्त हात माझ्याबरोबर येतात.

सामानाबद्दल लोकांना फार कुतूहल असते, म्हणून तेही सांगते. माझी पेटी उघडली तर त्यात स्वयंपाकाची हत्यारे कमी आणि दवाखान्यातली किंवा रंगभूषाकाराची जास्त दिसतील : निरनिराळ्या टोकांचे सात-आठ चिमटे, सुया काढलेल्या सिरिंजा, डोळ्यांच्या रंगभूषेचे बारीक कुंचले, टाचण्या, दंतकोरण्या, फवाऱ्याच्या छोट्या बाटल्या, ग्लिसरीन, सायट्रिक आम्ल, पिठीसाखर, कॉर्नफ्लोअर आणि काचेसारखे दिसणारे अॅक्रिलिकचे बर्फाचे खडे. सुऱ्या, कात्र्या आणि टोकदार चिमटे चेक-इनच्या सामानात जातात. सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक तिथे चालत नाहीत, ते जवळच ठेवावे लागतात. पदार्थ ज्योतीने भाजण्याची, गॅसवर चालणारी टॉर्च भरलेल्या नळकांड्यासह दोन्हीकडे निषिद्ध आहे, म्हणून नळकांडे पोहोचल्यावरच विकत घ्यायचे. २००६ साली लंडनमध्ये विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर हातातल्या सामानातल्या द्रवांवर प्रत्येकी १०० मिलिलिटरची मर्यादा आली. काही विमानतळांवर नवी तपासणी यंत्रे आल्यापासून ती सैल होऊ लागली असली, तरी परतीच्या विमानतळावर काय असेल याचा भरवसा नसल्यामुळे मी अजून जुन्याच हिशेबाने बाटल्या भरते. मध, जाम, चॉकलेटची पेस्ट हे सर्व तिथे द्रवातच मोडते, याचा शोध प्रत्येक नव्या सहायकाला तपासणीच्या रांगेतच लागतो.

पांढऱ्या पुड्यांबद्दल वेगळे सांगायला नकोच. तीन पारदर्शक पिशव्यांत तीन पांढऱ्या पुड्या, शेजारी सिरिंजा आणि वर चिमटे, असे दृश्य क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसले की पट्टा थांबतो. एकदा एका अधिकारी बाईंनी मला बाजूला घेऊन अत्यंत सौम्यपणे विचारले, “तुम्ही नक्की काय करता?” मी म्हणाले, “मी बर्गरवर तीळ चिकटवते.” ते शब्दशः खरे होते, कारण त्याच कामाला मी निघाले होते, पण त्यामुळे चौकशी आणखी वीस मिनिटे लांबली. आता मी प्रत्येक पुडी मूळ बंद पाकिटातच नेते आणि वर कामाचे पत्र ठेवते.

विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब जमिनीइतका नसतो. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असेल तेवढा तो उतरवलेला असतो आणि खालच्या सामानाच्या कप्प्यातही तीच गत असते. अर्धवट भरलेल्या बाटलीतली हवा फुगते आणि झाकणाच्या आट्यांमधून आतला द्रव बाहेर ढकलते. माझी पहिली ग्लिसरीनची बाटली अशीच रिकामी झाली होती. ग्लिसरीन वाळत नाही, हा ज्या गुणासाठी आम्ही ते वापरतो, तोच त्या रात्री माझ्या मुळावर आला; हॉटेलच्या न्हाणीघरात मी एकेक कुंचला कोमट पाण्याखाली धरून बसले होते. तेव्हापासून बाटली दाबून आतली हवा काढायची, तोंडावर चिकट पातळ कागद बसवायचा, मग झाकण, मग पिशवी, असा क्रम ठरून गेला आहे.

सर्वांत अवघड सामान म्हणजे ज्याची जाहिरात करायची ते उत्पादन. ते तिथे जाऊन दुकानातून घेता येईलच असे नसते आणि त्याऐवजी त्याच्यासारखे दिसणारे दुसरे काही वापरणे तर सोडूनच द्या. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत भाजीचे तुकडे वर दिसावेत म्हणून वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या गेल्या होत्या आणि त्यावरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७० मध्ये कंपनीविरुद्ध आदेश काढला. आमच्या व्यवसायात ती गोष्ट आजही सांगितली जाते. विकायची वस्तू खरी असली पाहिजे, तिच्या आजूबाजूच्या वस्तूंना थोडी मोकळीक असते, असा आता सर्वसाधारण दंडक आहे. आइस्क्रीम विकायचे असेल तर आइस्क्रीमच हवे. केकच्या जाहिरातीत बाजूला दिसणारा गोळा वनस्पती तुपात पिठीसाखर मळून केलेला असला तर सहसा कोणी हरकत घेत नाही. परिणामी बिस्किटांच्या कामाला निघताना माझ्याबरोबर बिस्किटांची खोकी येतात आणि उतरल्यावर कुजबुजत प्रार्थना करत ती उघडावी लागतात. दोनशे बिस्किटांतून कडा शाबूत, भाजणी सारखी, ठसा स्पष्ट आणि वरचे साखरेचे कण अंगावर टिकून राहिलेले, अशी सहा निघाली तरी मी समाधानी असते. ही सहा म्हणजे आमची “हीरो”. बाकीची दिवे आणि चौकट ठरेपर्यंत त्यांच्या जागी उभी राहतात.

आइस्क्रीमसाठी कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, लागतो. तो उणे ७८.५ अंश सेल्सिअसला असतो आणि वितळून पाणी होण्याऐवजी थेट वायू होतो, म्हणून त्याचा डबा हवाबंद करून चालत नाही. विमानकंपनीच्या पूर्वपरवानगीने प्रवाशाला २.५ किलोपर्यंत कोरडा बर्फ नेता येतो. पण प्रवास लांबला की त्यातला बराचसा वाटेतच उडून गेलेला असतो. मी तो शक्यतो पोहोचण्याच्या ठिकाणीच मागवते, आणि तो कोण देतो, किती वाजता देतो, सुटीच्या दिवशी देतो का, हे फोनवर कितीही पक्के केले तरी शेवटी आदल्या दिवशी स्वतः जाऊनच कळते.

आता खऱ्या मुद्द्याकडे वळते. काही वर्षांपूर्वी सुमारे २,१०० मीटर उंचीवरच्या एका ठिकाणी नूडल्सचे काम होते. मागे बर्फाची शिखरे, पुढे वाफाळता वाडगा, अशी कल्पना. अंदाजपत्रकातली ती ओळ खोडलेलीच होती, त्यामुळे आम्ही रात्री अकराला पोहोचलो आणि सकाळी सहाला मी पाणी उकळायला ठेवले. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. ढोबळ हिशेबाने दर ३०० मीटरला एक अंश. म्हणजे त्या पातेल्यात पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळत होते आणि मी कितीही मोठी आच केली तरी ते त्यापुढे तापणार नव्हते. हे मला शाळेपासून ठाऊक होते. ठाऊक असणे आणि दिग्दर्शक हातावरच्या घड्याळाकडे पाहत असताना ते आठवणे यांत पुष्कळ अंतर असते. घरी साडेसहा मिनिटांत हवी तशी होणारी नूडल तिथे त्या वेळेला मध्ये पांढरी, कच्ची राहिली. आणखी दोन मिनिटे दिली तेव्हा आत शिजली, पण तोवर बाहेरून पिठूळ होऊन तिची चकाकी गेली. चार वेळा शिजवून पाचव्या वेळी मला जमले : आच कमी, भांडे मोठे, नूडल्स थोड्या आणि शेवटचे मिनिट झाकण ठेवून. तोपर्यंत शिखरांवरचा सकाळचा प्रकाश निघून गेला होता. सबंध युनिटने दुपारपर्यंत ढग हटण्याची वाट पाहिली आणि त्या अर्ध्या दिवसाचा खर्च माझ्या एका रात्रीच्या खोलीच्या कितीतरी पट होता, हे मी त्या दिवशी मोठ्या संयमाने मनातच ठेवले.

त्याच कामात दुसरी फजिती नूडल्सच्या पाकिटाची झाली. खाली भरून बंद केलेले पाकीट वर आले की आतली हवा प्रसरण पावते आणि पाकीट उशीसारखे फुगते. वेष्टनाचे छायाचित्र हवे होते आणि समोर चाळीसही फुगे. माझी सहायक पहिल्यांदाच प्रवासाला आली होती, तिने एक पाकीट हातात घेऊन मला विचारले, “ताई, खराब झालीत का ही?” मागच्या शिवणीत टाचणीने बारीक छिद्र पाडून तळव्याने हलकेच दाबले की हवा निघते, पण मग पुढचा पृष्ठभाग चुरगळतो, आणि तो सपाट करायला पाकिटाच्या आत मापाचा पुठ्ठा सरकवावा लागतो. पुठ्ठा नव्हता. न्याहारीच्या बिस्किटांचे खोके कापून आम्ही तो केला. आता माझ्या पेटीत पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे कायम असतात.

दमट हवेचा त्रास वेगळा. समुद्रकाठच्या गावी साखरेचा पाक ओढून केलेले नाजूक धागे तासाभरात चिकट होऊन एकमेकांच्या गळ्यात पडतात, कारण साखर हवेतली ओल शोषून घेते. तिथे मी साखरेऐवजी आयसोमाल्ट वापरते, ते ओल कमी धरते. तरीही तयार तुकडे सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवून एकेक करूनच बाहेर काढते. थंड पेयाच्या पेल्याचे तर तिथे काही विचारू नका. हवा दमट असली की थंड पेला इतका घामाघूम होतो, की थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळतात आणि टेबलावर तळे साचते. हवा कोरडी असली की तोच पेला ठणठणीत कोरडा राहतो आणि पेय कोमट असल्यासारखे दिसते. म्हणून दोन्हीकडे उपाय एकच : पेय खोलीच्या तापमानाचे, बर्फ अॅक्रिलिकचा, आणि पेल्याच्या बाहेर ग्लिसरीन व पाणी समभाग करून मारलेला फवारा. ते थेंब तासन्‌तास जागचे हलत नाहीत. फवारा किती अंतरावरून मारायचा हे मात्र बाटलीचे तोंड, काचेचा तेलकटपणा आणि त्या दिवशीची हवा यांवर ठरते, म्हणून तीन-चार पेले खराब करण्याची मुभा हाताशी असावी लागते. कोरड्या प्रदेशात याच्या उलट सगळे आक्रसते. पावाची कापलेली बाजू दहा मिनिटांत खरखरीत होते, कापलेल्या फळावर सुरकुती धरते, आणि मी ओल्या कागदी रुमालांखाली सगळे झाकून एखाद्या आजाऱ्यापाशी बसावे तशी बसून असते.

पाण्याची गंमत मला सर्वांत उशिरा कळली. एका चहाच्या कामासाठी काळा, स्वच्छ चहा काचेच्या कपात हवा होता. मागून दिवा, पुढे कप, आणि कपातून आरपार जाणारा तांबूस प्रकाश. मी कप भरला, छायाचित्रकाराने पडद्यावर चौकट मोठी केली आणि आम्ही दोघेही गप्प झालो. चहाच्या पृष्ठभागावर एक पातळ, करडी साय होती. चमच्याने ती बाजूला करावी तर तिला भेगा पडत, भूकंपानंतर जमिनीला पडाव्यात तशा, आणि त्या भेगांच्या कडा मागच्या दिव्यात चमकत. मी कप बदलला, चहाची पत्ती बदलली, किटली घासली. सायीत काही फरक पडला नाही. तिथले पाणी जड, म्हणजे जास्त खनिजांचे, होते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि चहातली पॉलिफेनॉल द्रव्ये हवेच्या संगतीत एकत्र येऊन पृष्ठभागावर असा पापुद्रा धरतात. लिंबाचे चार थेंब टाकल्याबरोबर तो नाहीसा झाला, पण चहाही फिकट पिवळा पडला आणि त्यातून तांबूस प्रकाश जाईना. शेवटी कमी खनिजांचे बाटलीबंद पाणी शोधायला माणूस पाठवावा लागला. त्याने दोन निरनिराळ्या कंपन्यांचे पाणी आणले, त्यातल्या एकाच्या लेबलावर कॅल्शियमचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ सहापट होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याच्या बाटलीचे लेबल उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचले. तेव्हापासून नव्या ठिकाणी पोहोचल्यावर मी पहिल्यांदा काय करते, तर तिथल्या नळाच्या पाण्याचा काळा चहा करते आणि तो दहा मिनिटे खिडकीपाशी ठेवून देते. हॉटेलच्या माणसांना वाटते मी चहा विसरले.

विजेबद्दल थोडक्यात : २३० व्होल्टची हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारे यंत्र, ११५ व्होल्टवर लावली तर दाब निम्मा झाल्याने तिची ताकद चौथाईवर येते आणि चीज वितळण्याऐवजी नुसते कोमट होऊन घाम सोडते. उलट केले तर यंत्रच जळते. प्लगचे आकार बदलणारा जोड व्होल्ट बदलत नाही, हे मी माझ्या एका आवडत्या यंत्राच्या मोबदल्यात शिकले.

बाजार हा मात्र माझ्या आवडीचा भाग आहे, आणि आदल्या दिवसाचा खरा उपयोगही तिथेच. परक्या गावच्या मंडईत भाषा येत नसली तरी काम अडत नाही, कारण मी बोलण्यापेक्षा उचलून पाहत जास्त असते. टोमॅटो घ्यायचा तर मी आधी देठ पाहते. वरची हिरवी चांदणी ताजी, पाचही पाकळ्या बाहेर वळलेल्या आणि न मोडलेल्या हव्यात. मग खांदे पाहते, कारण वरून टाकलेल्या प्रकाशात तेच दिसतात. मग तो टेबलावर ठेवून हात काढते; गडगडला तर तो कितीही सुंदर असला तरी परत. अशा रीतीने चाळीसांतून तीन निवडले, की विक्रेत्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो सगळ्या देशांत एकच असतो. मी ते चाळीसही विकत घेते, म्हणून ते सहन करतात. बहुतेक विक्रेते एक प्रश्न हमखास विचारतात : आज खायचे की उद्या? खूप वाजवी प्रश्न आहे. माझे खरे उत्तर “उद्या सकाळी साडेदहा वाजता, पण चित्रीकरण लांबले तर दुपारी तीन” असे असते आणि ते कोणत्याही भाषेत खुणांनी सांगता येत नाही. म्हणून मी तीन पायऱ्यांचा माल घेते : आज पिकलेला, उद्या पिकेल असा आणि अजून कच्चा. कच्च्याला घाई करायची असेल तर कागदी पिशवीत केळ्याबरोबर ठेवते, केळ्यातून निघणारा इथिलीन वायू आपले काम करतो. आणि त्याच वायूमुळे पुदिना पिवळा पडतो, म्हणून पुदिन्याची जुडी फळांपासून दूर, ओल्या कापडात, उभी. हे सगळे सकाळी सहाला पोहोचून कसे करायचे?

परक्या स्वयंपाकघरात शिरणे ही स्वतंत्र कला आहे. हॉटेलचे मुख्य आचारी आपल्या ओट्यावर आलेल्या पाहुणीकडे, जी चांगले अन्न अर्धेकच्चे ठेवून त्याला तेलाचा ब्रश फिरवते, कोणत्या नजरेने पाहत असतील याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणून आदल्या दिवशी त्यांच्याकडे दोन जेवणांच्या वेळांमधली मोकळी वेळ मागून घेणे, त्यांची सुरी न वापरणे, आणि शीतकपाटातला कोणता कप्पा माझा हे त्यांच्याच तोंडून ठरवून घेणे, एवढे मी पाळते. एकदा हे करायला वेळ मिळाला नव्हता. त्या बर्गरच्या कामात मी रात्री एक वाजेपर्यंत बसून भिंगाखाली तीळ निवडले होते. एकाच मापाचे, टोक न तुटलेले, फिकट रंगाचे सुमारे तीनशे. ते एका बशीत, काळ्या कागदावर, ओट्याच्या टोकाला ठेवून मी झोपायला गेले. सकाळी ओटा लखलखत होता. रात्रपाळीच्या स्वच्छतेच्या माणसाने तीळ सांडलेले दिसले म्हणून पुसून टाकले होते, आणि त्याचे काहीही चुकले नव्हते. आता मी चिठ्ठ्या लावते, तिथल्या भाषेत लिहून घेऊन : “कचरा नाही”, आणि दुसरी, “खाऊ नये”. दुसरी चिठ्ठी मुख्यतः आमच्याच युनिटसाठी असते. दिव्याखाली मांडलेली बिस्किटे ही जेवण लांबलेल्या माणसाला परीक्षेसारखी असतात, आणि दिवे लावणाऱ्या मुलांच्या त्या परीक्षेत नापास होण्याच्या माझ्याकडे अनेक नोंदी आहेत.

माझे स्वतःचे खाणे विचाराल, तर दिवसभर पदार्थांत हात घालून रात्री खोलीवर आल्यावर मला कशाचाही वास नको असतो. साधा भात किंवा पाव-लोणी मिळाले तर मी खूष असते. उरलेल्या अन्नाचा मात्र मला त्रास होतो. ज्यावर ग्लिसरीन वा रंग पडलेला नाही आणि जे नीट थंड ठेवलेले आहे ते युनिटमध्ये वाटले जाते. पण दिव्यांखाली चार तास बसलेले, अर्धेकच्चे, टाचण्या टोचलेले अन्न कोणालाही देता येत नाही. घरी असताना मी त्याचे प्रमाण ओळखीच्या जागेमुळे कमी ठेवू शकते. प्रवासात भीतीपोटी सगळेच दुप्पट घेतले जाते. एक दिवस आधी पोहोचले तर ती भीती निम्मी होते आणि पिशव्याही.

गेल्या महिन्यात मात्र अंदाजपत्रकातली ती पहिली ओळ कोणी खोडली नाही. कदाचित नजरेतून सुटली असेल. ठिकाण पुन्हा उंचावरचे, काम सूपचे. मी आदल्या दिवशी सकाळी पोहोचले. तापमापी घेऊन पाणी उकळले, आकडा ९४ आला, तो वहीत लिहिला. नळाच्या पाण्याचा चहा खिडकीत ठेवला, साय धरली नाही. पाकिटे फुगलेली होती, पुठ्ठे तयार होते. मंडईत जाऊन तीन पायऱ्यांची भाजी आणली. आचाऱ्यांबरोबर बसून मोकळ्या वेळा ठरवल्या, कोरडा बर्फ देणाऱ्याच्या दारात जाऊन त्याचे दुकान सातला उघडते हे पाहिले, आणि सूप एकदा संपूर्ण शिजवून त्यातले गाजर किती मिनिटांत कड सोडते ते मोजले. दुसऱ्या दिवशी पहिली चौकट सात वाजून चाळीस मिनिटांनी झाली आणि शेवटची अडीच वाजता. कोणी ओरडले नाही, कोणी धावले नाही, माणूस पाठवून काही मागवावे लागले नाही.

सामान बांधत असताना निर्मिती व्यवस्थापक माझ्यापाशी आले. चेहऱ्यावर मनापासूनचे समाधान होते. म्हणाले, “मॅडम, किती सुरळीत झालं सगळं! काहीच अडचण आली नाही. पुढच्या वेळी तुम्ही आदल्या रात्रीच आलात तरी चालेल.”

मी चिमटे पुसून पेटीत ठेवले आणि त्यांना एक उरलेले बिस्किट दिले. त्यांच्या पुढच्या कामाचे अंदाजपत्रक काल रात्री पाठवले आहे. पहिली ओळ तीच आहे.